खुरपं माझं, प्रश्न तुमचे : टांगत्या वेलीला आकाश दिसतं का?

मे महिन्यात घरांना रंग लागले, छताला हूक बसले आणि नर्सरीतून होया, लिपस्टिक या टांगायच्या वेली घरी आल्या. आता पाऊस सुरू झाल्यावर त्यांच्या तक्रारी माझ्याकडे पोचल्या आहेत. म्हणून हा महिना टांगत्या कुंड्यांचा. गुलाबवाल्यांनी आणि कढीपत्तावाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा. पत्रं लांबलचक होती, ती मी छाटली आहेत. सवयच आहे.

बडोद्याच्या दांडियाबाजारातले एक गृहस्थ लिहितात : आमच्या जुन्या घराच्या दिवाणखान्यात झोपाळा होता. दुरुस्तीत तो काढला, पण तुळईतल्या कड्या तशाच आहेत. त्यातल्या एका कडीला सौभाग्यवतींनी होयाची कुंडी टांगली आहे. वेल चार हात लोंबते आहे, पानं काळीभोर वाटावीत इतकी हिरवी. पण चार वर्षांत एक फूल नाही. नर्सरीवाला म्हणतो, ‘आवशे, धीरज राखो.’ किती धीर धरायचा? कोणतं खत द्यावं?

उत्तर : खताचं नंतर पाहू. आधी एक काम करा. स्टूल घ्या, ते कुणालातरी धरायला सांगा आणि डोळे कुंडीच्या उंचीला येतील इतके वर चढा. तिथून खिडकीकडे बघा. आकाश दिसतं का?

नाही दिसणार. दांडियाबाजारातली घरं मला माहीत आहेत. भिंती जाडजूड, खिडकीची वरची चौकट सहा-सात फुटांवर, तुळई त्याच्याही वर, आणि झोपाळा तर ऐन खोलीच्या मध्यावर. तिथून खिडकीतून दिसतो तो समोरचा ओटला, रस्ता आणि फार तर कुणाची तरी उभी केलेली स्कूटर. उजेड आपल्या घरात येतो तो आकाशातून, तिरका खाली उतरत. म्हणजे कुंडी जितकी उंच टांगाल तितकं तिचं आकाश कमी होत जातं, आणि चौकटीच्या वर गेली की संपतंच. मग तिच्या वाट्याला उरतो फरशीवरून आणि भिंतींवरून परतलेला उजेड. उंचावर टांगलं म्हणजे जास्त उजेड मिळाला, हा समज घराबाहेर खरा आहे, घरात अगदी उलटा.

तुम्हाला खोली लख्ख वाटते, कारण माणसाचा डोळा जुळवून घेतो. मोबाइलवर उजेड मोजायचं एखादं फुकटातलं ॲप घेऊन पाहा. पूर्वेच्या खिडकीच्या कट्ट्यावर सकाळी आकडा काही हजार लक्सचा येईल. तुळईखाली शे-दोनशेच्या आसपास घोटाळेल. तेवढ्यावर होया जगते. फुलत नाही.

मग पानं इतकी हिरवी कशी? तीच तर फसगत आहे. होया ही रानात दुसऱ्या झाडांच्या खोडांवर, फांद्यांवर चढणारी वेल. मुळांशी माती जवळजवळ नसतेच, म्हणून पानं जाड, पाणी साठवणारी. उजेड कमी पडला तरी ती मरत नाही, सुकत नाही. नुसती लोंबत राहते. पानं गडद आणि दोन पेरांमधलं अंतर लांब, ही उजेडाला वखवखलेल्या वेलीची खूण. चांगल्या उजेडातली होया त्या मानाने फिकट दिसते, एखाद्या जातीत पानांना तांबूस झाकही येते. पाहुण्यांना ती कमी देखणी वाटेल. पण फुलणारी तीच.

तेव्हा कुंडी हलवा. पूर्वेची खिडकी असेल तर उत्तम. गजांना किंवा चौकटीला, काचेपासून हातभर अंतराच्या आत आणि चौकटीच्या वरच्या कडेच्या खाली. सकाळी नऊ-दहापर्यंतचं ऊन थेट लागलं तर होयाला ते मानवतं. पश्चिमेचीच खिडकी असेल तर मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत मध्ये जुन्या सुती साडीचा एकपदरी पडदा लावा. बडोद्याचं मे महिन्यातलं दुपारनंतरचं ऊन पानं भाजून काढतं आणि तो पांढरा डाग पुन्हा हिरवा होत नाही. इतकी वर्षं अंधारात राहिलेल्या वेलीला एकदम उन्हातही नेऊ नका. पंधरवडाभर टप्प्याटप्प्याने सरकवा. सध्याचं ढगाळ आभाळ या कामाला चांगलं आहे.

आणि हो, सौभाग्यवतींनी टांगली असं लिहून तुम्ही अंग काढून घेतलंत ते लक्षात आलं. पण कडी रिकामी दिसते म्हणून तिथे झाड लावायचं, हे कारण घराचं झालं, झाडाचं नव्हे. त्या कडीला एखादा पितळी लामणदिवा टांगा. तुळईला तोच शोभेल.

आता कात्री. होयाचं फूल एका आखूड दांडीवर झुबक्याने येतं. पाकळ्या मेणाच्या, मधोमध दुसरी चांदणी. फुलं गळली की ती दांडी तशीच उरते, वाळक्या काडीसारखी दिसते आणि नीटनेटकेपणाची आवड असलेली माणसं ती खुडून टाकतात. खुडू नका. पुढच्या कळ्या त्याच दांडीच्या टोकातून येतात, वर्षामागून वर्षं. दांडी खुडली की वेलीला नव्याने सुरुवात करावी लागते. तसेच मधूनच जे बिनपानांचे लांब शेंडे सुटतात, तेही कापायचे नाहीत. ते आधार शोधत असतात. खाली लोंबकळत सोडण्यापेक्षा त्यांना उचलून कुंडीत रोवलेल्या तारेच्या कड्याभोवती गुंडाळा. पानं मागाहून फुटतात, फुलांच्या दांड्याही बऱ्याचदा त्याच शेंड्यांवर येतात.

कुंडी बदलायची घाई नको. पाच-सहा इंची कुंडीत मुळं दाटलेली होया मजेत असते. मोठ्या कुंडीत पाणी रेंगाळतं आणि मुळं कुजतात. पाणी देण्याआधी एखादं जाडसर पान बोटांत धरून हलकेच वाकवून पाहा. कडक असेल तर थांबा, मऊ पडलं असेल तर द्या. डिसेंबर-जानेवारीत, रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो तेव्हा, कुंडीतलं मिश्रण जवळजवळ कोरडं पडू द्या. त्या थंड, कोरड्या दीड-दोन महिन्यांनी कळ्यांना चालना मिळते. फेब्रुवारी सरला की पाणी पुन्हा वाढवा.

राहिलं खत. मार्च ते सप्टेंबर १९:१९:१९ हे विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा-वीस दिवसांतून एकदा. पुरे. ‘फुलांसाठी खास’ म्हणून डबे विकतात ते घ्यायचे तर घ्या, पण उजेडाची तूट कोणताही डबा भरून काढत नाही. कळ्या दिसल्या की कुंडीची जागा बदलू नका आणि पाणी तोडू नका, नाहीतर सगळ्या कळ्या पिवळ्या पडून गळतील. पहिल्या मोसमात एखादाच झुबका आला तर समजा काम जमलं. एक आगाऊ सूचना : फुलातून चिकट मध ठिबकतो. खाली सोफा नको.

वाडी भागातून एक सूनबाई : होया आणली, तर सासूबाई म्हणतात की चीक निघणारी झाडं घरात ठेवू नयेत, अपशकुनी असतात. पान तुटलं तर खरंच पांढरा चीक येतो. काय सांगू त्यांना? घरात मांजरही आहे.

उत्तर : सासूबाई देवपूजेला तगर वाहतात का? मारुतीला शनिवारी रुईच्या पानांची माळ घालतात का? अंगणात चाफा आहे का? तगर, रुई, चाफा, कण्हेर, सदाफुली आणि होया ही एकाच कुळातली मंडळी. रुईशी तर होयाचं नातं फार जवळचं आहे. पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ रुईचं कूळ वेगळं मानत, तेव्हा होया त्या कुळातच धरली जायची. पुढे दोन्ही कुळं एकत्र झाली. रुईच्या आणि होयाच्या फुलांतले पराग इतर फुलांसारखे भुकटीच्या रूपात नसतात. त्यांच्या छोट्या घट्ट पिशव्या असतात आणि किड्याच्या पायाला त्या अडकून जातात. भिंग असेल तर सासूबाईंनाही दाखवा.

होया हे नाव टॉमस हॉय या माळ्यावरून ठेवलं. इंग्लंडात नॉर्थंबरलंडच्या ड्यूकच्या सायन हाउस इथल्या बागेचा तो मुख्य माळी. नाव ठेवणारा रॉबर्ट ब्राउन, साल १८१०. हा तोच ब्राउन, पाण्यात तरंगणाऱ्या कणांची धडपड सूक्ष्मदर्शकातून पाहणारा. शाळेत मी ‘ब्राउनियन गती’ शिकवायचे तेव्हा मुलांना हे सांगितलं की त्यांना तो धडा जरा बरा वाटायचा. एरवी वनस्पतींना राजेरजवाड्यांची नावं देण्याची हौस फार. इथे ड्यूक राहिला बाजूला आणि मान माळ्याला मिळाला, हे मला आवडतं.

चिकाचं म्हणाल तर त्याने काही जणांच्या कातडीला खाज सुटते आणि डोळ्यांत गेला तर आग होते. छाटणी करताना हातमोजे घाला, नंतर हात धुवा. मांजरांना होया विषारी मानली जात नाही. याच कुळातली कण्हेर मात्र चांगलीच विषारी, ती मांजराच्या, वासराच्या आणि लहान मुलांच्या तोंडाला लागणार नाही अशीच हवी. कूळ एक म्हणून गुण एक नसतात, हे माणसांइतकंच इथेही.

पण घरात झाडावरून वाद घालू नका. कुंडी गॅलरीच्या ग्रिलला टांगा. सासूबाईंच्या हिशेबाने ती घराबाहेर गेली, वेलीच्या हिशेबाने उजेडात आली.

अलकापुरीतून एक ताई : माझ्याकडे लिपस्टिक प्लांट आहे, आणलं तेव्हा लाल फुलांनी भरलेलं होतं. बेडरूममध्ये एसीच्या बाजूला टांगलं. मे महिन्यात पानं गळायला लागली. आता वरून टक्कल, खाली लांब काड्या आणि टोकाला चार-चार पानं. फेकून देऊ का?

उत्तर : फेकू नका. पण एसीजवळून आजच काढा.

लिपस्टिक मलाया, जावा या बाजूच्या दमट रानांतली. तिथेही ती झाडांवरच वाढते, पण होयाइतकी सोशिक नाही. पानं पातळ, साठा कमी. एसी खोलीतली हवा कोरडी करतो आणि त्याचा झोत अंगावर आला की पानं दिवसाला मूठमूठ गळतात. बडोद्याच्या उन्हाळ्यात तिला एसीच्या खोलीपेक्षा कूलरची खोली सोसते, कारण कूलरच्या हवेत ओल असते. थेट झोतात मात्र तिथेही नको. तुमच्याकडे दोन खोल्या असतील तर उन्हाळ्यापुरता तिचा मुक्काम हलवा. आकाश दिसण्याचा नियम तिलाही आहे, फक्त थेट ऊन सकाळी आठपर्यंतच.

आता जुलैत करायचं काम वेगळं. होयाबद्दल वर जे सांगितलं त्याच्या नेमकं उलट. लिपस्टिकची फुलं नव्या फुटीच्या शेंड्यांना येतात. एक काळपट तांबडी नळी आधी येते आणि तिच्यातून लाल फूल हळूहळू वर सरकतं, लिपस्टिक फिरवून वर काढावी तसं. नावही त्यावरूनच. म्हणजे जितके शेंडे तितकी फुलं. आणि शेंडे वाढतात छाटल्यावर. तेव्हा धीट व्हा. प्रत्येक काडी कुंडीच्या काठापासून सहा-आठ इंच ठेवून बाकीची कापा, पेराच्या थोडं वर. कापलेल्या काड्यांचे चार-चार इंचांचे तुकडे करा, खालची पानं काढा आणि पाच-सहा तुकडे त्याच कुंडीत वरच्या टकलात खोचा. पावसाळ्याची हवा आहे, महिन्याभरात रुजतील. पुढच्या वर्षी कुंडी वरूनही भरलेली दिसेल.

मिश्रण नुसत्या कोकोपीटचं असेल तर बदला. नर्सरीतून बहुतेक तसंच येतं. वरून कोरडं दिसतं आणि आत ओलंगच्च असतं, किंवा एकदा पूर्ण वाळलं की पाणी बाजूनेच वाहून जातं. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळशाचे बारीक तुकडे, थोडं कोकोपीट आणि मूठभर गांडूळखत. आपल्याकडची काळी माती या कुंडीत चिमूटभरही नको. लिपस्टिकला होयासारखं कोरडं पाडायचं नाही, वरचं अर्धं बोट वाळलं की पाणी.

रंगावरून कळतं की ही फुलं कुणासाठी आहेत. लाल, नळीसारखी, बिनवासाची : तिच्या मुलुखात शिंजिराच्या जातीचे पक्षी यांतला मध पितात. तुमच्या गॅलरीतही शिंजीर येत असेल तर फुलांच्या दिवसांत कुंडी बाहेर टांगून बघा. होया बरोबर उलट, वास रात्री सोडते, कारण तिची गिऱ्हाइकं रात्रीचे पतंग. म्हणून होया झोपायच्या खोलीत टांगताना विचार करा. तो वास काहींना स्वर्ग वाटतो, काहींचं डोकं धरतं.

रावपुऱ्यातून एक ज्येष्ठ वाचक : ही सगळी परदेशी थेरं. बडोद्याच्या हवेत आपली मोगरा, जाई-जुईच बरी. उगाच लोकांना नादी लावता.

उत्तर : मोगऱ्याबद्दल वाद नाही. पण परदेशी झाडांचा नाद बडोद्याला माझ्यामुळे लागलेला नाही. सयाजीबाग, म्हणजे आपली कमाटीबाग, १८७९ साली उभी राहिली, तेव्हापासून तिथे देशोदेशीची झाडं आणून लावली जात आहेत. लंडनजवळच्या क्यू उद्यानात काम केलेला क्रुम्बिगल नावाचा जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ मध्ये बडोदे संस्थानच्या नोकरीत आला आणि त्याने इथल्या बागा सांभाळल्या. बंगळूरच्या लालबागेमुळे त्याचं नाव झालं, पण तिथे तो गेला १९०८ मध्ये, बडोद्यानंतर. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या बागेचा आराखडा विल्यम गोल्डरिंगचा, तोही क्यूचाच. शिवाय होया सगळी परदेशीही नाही. तिच्या काही जाती आपल्या सह्याद्रीत रानावनात झाडांवर वाढतात. सकाळी फिरायला कमाटीबागेत जात असाल, तर कोणतं झाड आपलं आणि कोणतं परकं हे ओळखत एक फेरी मारा. मग बोलू.

मांजलपूरहून एक वाचक : होयाच्या पानांच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसतं. पानं चिकट झाली आहेत, खाली फरशीही चिकट. मुंग्यांची रांग लागली आहे. हा तुम्ही मागे लिहिलेला मध का?

उत्तर : फूल नसताना चिकटा म्हणजे मध नव्हे. तो पिठ्या ढेकूण, इंग्रजाळलेल्या नर्सरीत त्याला मिलीबग म्हणतात. तो रस पितो आणि मागून गोड पाणी सोडतो. मुंग्या त्यासाठीच येतात, आणि येतात एवढंच नाही, त्याला या कुंडीतून त्या कुंडीत उचलूनही नेतात. चिकट्यावर पुढे काळी बुरशी धरते.

पहिलं काम, ही कुंडी इतरांपासून लांब. कान साफ करायच्या कापूसकाडीला औषधाच्या दुकानातलं स्पिरिट लावून एकेक किडा पुसून काढा. पानांच्या बगला, देठ, पानांची खालची बाजू, कुंडीच्या काठाखालची खाच आणि टांगायची दोरी; सुती दोरीच्या पिळात त्यांची अंडी हमखास सापडतात, दोरी बदललेली बरी. आठवड्याने पुन्हा, त्यानंतर आठवड्याने आणखी एकदा, कारण अंडी एका फेरीत जात नाहीत. मध्ये एकदा संध्याकाळी कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, घुसळून फवारा. उन्हात फवारलंत तर पानं भाजतील. कळ्यांवर नको.

पिवळा मावा दिसला तर तोही याच कुळाचा शौकीन, रुईवर आणि कण्हेरीवर असतो तोच. त्याला बाथरूममध्ये नेऊन पाण्याच्या जोरदार धारेने धुतलं तरी भागतं. एवढं सगळं करूनही मुळांत पांढरं सापडलं, तर दोन निरोगी शेंडे कापून नवी कुंडी करा आणि जुनी कचऱ्यात टाका. माया नको.

वाघोडिया रोडवरून, एका उंच इमारतीतल्या वाचक : आमच्याकडे बोअरचं पाणी येतं. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी मी जपून बादलीत धरते आणि सगळ्या कुंड्यांना तेच घालते. तरी होयाच्या पानांची टोकं जळल्यासारखी होतात, कुंडीवर पांढरा थर बसतो. शिवाय खालच्या मजल्यावरच्या बेन रोज भांडतात की पाणी त्यांच्या कपड्यांवर ठिबकतं.

उत्तर : तुमची काटकसर चांगली, जागा चुकली. आरओ मशीन तुमच्या प्यायच्या पाण्यातून काढलेले क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यातच सोडतं. म्हणजे बोअरचं आधीच जड पाणी तुम्ही आणखी जड करून झाडांना पाजता आहात. त्या बादलीने फरशी पुसा, गॅलरी धुवा, संडासात ओता. झाडांना नको. टांगत्या लहान कुंडीत तर नकोच, कारण तिथे क्षार मुरायला जमीन नसते, ते मुळांशीच साठतात.

सध्या पावसाळा आहे. पहिल्या दोन-तीन सरींनी अगाशी धुऊन निघाली असेलच, आता पिंपात पाणी धरा आणि दिवाळीपर्यंत या दोन-चार कुंड्यांना तेच पुरवा. पिंपाला झाकण हवंच, नाहीतर डास होतील. एरवी महिन्यातून एकदा कुंडी बाथरूममध्ये नेऊन भरपूर साध्या पाण्याने वरून खाली धुऊन काढा, म्हणजे साठलेले क्षार निघून जातील.

बेनचं भांडण रास्त आहे. टांगल्या जागी पाणी घालूच नका. हूक असा बसवा की कुंडी सहज उतरेल. उतरवून बादलीत दहा मिनिटं बुडवा, अर्धा तास निथळू द्या, मग टांगा. एकाच बादलीत सगळ्या कुंड्या बुडवायच्या नाहीत. वर पिठ्या ढेकणाचं वाचलंत ना? आणि पहिला झुबका फुलला की एक काडी रुजवून बेनना नेऊन द्या.

विद्यापीठाच्या वसतिगृहातून एक मुलगा : बाई, मैत्रिणीने व्हॅलेंटाइनला छोट्या कुंडीत हार्टच्या आकाराचं एकच पान दिलंय, हिरवं आणि जाड. टांगली वेल होईल ना त्याची? तिला तसं सांगून बसलोय.

उत्तर : अरे, ती होया केरीआय. सयाममध्ये, म्हणजे आताच्या थायलंडमध्ये, काम केलेल्या केर नावाच्या आयरिश डॉक्टरावरून नाव पडलं. पानाच्या देठाबरोबर खोडाचा तुकडा नसेल तर डोळा नाही, आणि डोळा नसेल तर फूट नाही. मुळं फुटतील, पान दोन-चार वर्षं ताजं राहील, पण वेल होणार नाही. दुकानदार हे सांगत नाहीत. हलक्या हाताने उकरून पाहा. देठाखाली खोडाचा तुकडा दिसला तर आशा आहे, वाढ मात्र फार सावकाश. नसेल तर नर्सरीतून केरीआयचीच दोन-तीन पेरांची काडी आण आणि शेजारी लाव. तिला काय सांगायचं ते तुझं तू बघ. खिडकीत ठेव, टेबलाखाली नको, आणि पाणी दहा-पंधरा दिवसांतून एकदा.

कारेलीबागेतून एक आजी : माझी होया दरवर्षी फुलते. पुण्याच्या बहिणीला काडी पाठवायची आहे. भाचा पुढच्या आठवड्यात रात्रीच्या गाडीने जाणार आहे. कशी बांधून देऊ?

उत्तर : आजी, या महिन्यात तक्रार नसलेलं पत्र एकट्या तुमचं. फुललेल्या वेलीची काडी देताय हे फार चांगलं. बियांपासून वाढवलेल्या रोपापेक्षा ती लवकर फुलते. कोवळा लुसलुशीत शेंडा घेऊ नका, त्याच्यामागची जून झालेली, दोन-तीन पेरांची काडी घ्या. जुनी फुलांची दांडी असलेला भाग मात्र देऊ नका, तो तुमच्याच वेलीवर राहू दे.

कापल्यावर चीक थांबेपर्यंत टोक पाण्यात बुडवा, मग तासभर सावलीत सुकू द्या. लोक ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबतात आणि पुण्याला पोचेपर्यंत आत घाम धरून टोक कुजतं. होयाच्या पानांत प्रवासापुरतं पाणी असतं. कोरड्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळा, मिठाईच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, खोक्याला चार भोकं पाडा. भाच्याला सांगा, खोकं वरच्या बर्थवर, बॅगांच्या खाली नाही. तिकडे पोचल्यावर बहिणीने एक पेर मिश्रणात पुरायचं, एक वर ठेवायचं आणि नवं पान फुटेपर्यंत खत घालायचं नाही.